चाक आणि चिमटा यांमधली जागा

पुढच्या चाकाच्या माथ्यावर, जिथे चिमट्याचे दोन पाय एकत्र येऊन हँडलच्या नळीत शिरतात, तिथे टायर आणि चिमटा यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा असते. जुन्या काळ्या सायकलीत या जागेत मडगार्ड बसतो आणि त्याच्याखालीही करंगळी फिरते. वाकड्या हँडलच्या शर्यतीच्या सायकलीत, विशेषतः दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या, तिथे पेन्सिल सरकवायची तरी जपून सरकवावी लागते. दुकानात गिऱ्हाईक वजन विचारते, गिअर मोजते, रंग पाहते. या जागेबद्दल कोणी विचारत नाही आणि दुकानदारही आपणहून सांगत नाही.

सायकलीवर आपल्याकडे लिहिले जाते ते बहुधा प्रवासवर्णन असते, नाहीतर आरोग्याचा सल्ला. कादंबरीची किंवा नाटकाची समीक्षा होते तशी यंत्राची समीक्षा क्वचितच होते. म्हणजे बनवणाऱ्याने कोणता माणूस आणि कोणता रस्ता डोळ्यांसमोर धरला होता, हे तपासणे होत नाही. या लेखात तो प्रयत्न आहे. म्हणणे थोडक्यात असे, की सायकलीच्या सांगाड्यात ही रिकामी जागा, म्हणजे टायरची मोकळीक, सर्वांत बोलकी गोष्ट आहे. आज रोड बाइक म्हणून विकल्या गेलेल्या बऱ्याचशा सायकलींनी ती जागा अशा रस्त्यासाठी खर्च करून टाकली आहे, जो वडूजहून कुठल्याही दिशेला निघाले तरी फार लांबपर्यंत सापडत नाही.

काळी सायकल : एक जुना मसुदा

आपण जिला साधी सायकल म्हणतो, तिचा मसुदा इंग्लंडमधला. रॅले, हंबर, बीएसए, हर्क्युलिस ही नावे आयात होऊन इथे आली आणि स्वातंत्र्यानंतर तोच सांगाडा इथल्या कारखान्यांत बनू लागला. १९४९ साली मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स, १९५१ साली सोनीपतला ॲटलस, १९५६ साली लुधियान्याला हीरो. नावे बदलली, रेषा त्याच राहिल्या. बावीस इंची नाहीतर चोवीस इंची फ्रेम आणि अठ्ठावीस इंची चाक. टायरवर २८ × १½ असे छापलेले असते. आंतरराष्ट्रीय पद्धतीत याच मापाला ४०-६३५ म्हणतात, म्हणजे टायर ४० मिलिमीटर रुंद आणि रिमवर तो जिथे बसतो तिथला व्यास ६३५ मिलिमीटर.

या सांगाड्यात समीक्षकाने थांबून पाहावे अशी पहिली गोष्ट म्हणजे ब्रेक. सळ्यांचा ब्रेक रिमला खालून, म्हणजे आसाच्या बाजूने, वर खेचून धरतो. ब्रेकची नाल टायरच्या दोन्ही अंगांनी ऐसपैस खाली उतरते. त्यामुळे टायर थोडा जाड आला, चाकाला थोडा आउट आला, मध्ये मडगार्ड आला, तरी ब्रेकची हरकत नसते. चिमट्याचा माथा टायरपासून किती वर ठेवायचा हे ठरवताना कारागिराला ब्रेकची परवानगी घ्यावी लागत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे लांबी. हँडलची नळी आणि सीटची नळी दोन्ही मागे कललेल्या, चिमटा पुढे चांगला वाकलेला, मागचे चाक सीटच्या नळीपासून दूर. मागे किटल्या किंवा चाऱ्याचा भारा बांधला तरी पुढचे चाक उचलत नाही आणि पायडलवरचा पाय पुढच्या मडगार्डला लागत नाही.

तिसरी गोष्ट जरा हिशेबाची. हँडलच्या नळीची रेषा तशीच खाली जमिनीपर्यंत नेली, तर ती टायर टेकतो त्या बिंदूच्या पुढे पडते. या दोहोंमधल्या अंतराला ट्रेल म्हणतात. चाक आपसूक सरळ राहते, त्यात या अंतराचा मोठा वाटा आहे. काळ्या सायकलीत नळीचा कोन ६८ अंश, चिमट्याचा बाक ७५ मिलिमीटर आणि चाकाची त्रिज्या ३५५ मिलिमीटर धरली, तर ट्रेल सुमारे ६३ मिलिमीटर येतो. शर्यतीच्या सायकलीत कोन ७३ अंश, बाक ४५ मिलिमीटर आणि त्रिज्या ३३६ मिलिमीटर धरली, तर तो सुमारे ५६ येतो. फरक अवघा सात मिलिमीटर. म्हणजे काळी सायकल संथ वाटते ती मुख्यतः वजनामुळे आणि लांबीमुळे. ‘जाड टायरची सायकल वळत नाही’ हा समज या हिशेबात टिकत नाही.

आता दोष. ही सायकल वीस किलोच्या आसपास भरते. पुढे ४४ आणि मागे १८ दात हा एकच गिअर, तोही अठ्ठावीस इंची चाकावर. चढ आला की उतरून ढकलायचे. पावसात ओल्या चकचकीत रिमवर रबर घसरते आणि ब्रेक लागायला वेळ घेतो. सात-आठ दशके हे दोष दुरुस्त करण्याची फारशी निकड कारखान्यांना वाटली नाही, कारण गिऱ्हाईक बांधलेलेच होते. ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, ॲटलसच्या साहिबाबादच्या कारखान्यातले काम थांबले, तेव्हा हळहळ पुष्कळ व्यक्त झाली. पण जी सायकल स्वतःला सुधारत नाही, तिची जागा दुसरे कोणीतरी घेणारच. ती कोणी घेतली आणि येताना काय टाकून दिले, हा खरा प्रश्न आहे.

शर्यतीच्या सायकलीने जागा कुठे खर्च केली

शर्यतीच्या सांगाड्यात मोकळीक तीन ठिकाणी आवळलेली असते : चिमट्याच्या माथ्याखाली, मागच्या ब्रेकच्या पुलाखाली आणि पायडलच्या आसामागे, जिथे चेनस्टे म्हणतात त्या दोन नळ्या चाकाला कवेत घेतात.

पहिल्या दोन ठिकाणचा दोषी एकच, कॅलिपर ब्रेक. हा ब्रेक टायरच्या वर बोल्टने बसतो आणि त्याचे दोन हात टायरला वळसा घालून रिमपर्यंत उतरतात. बोल्टपासून रबरापर्यंतच्या अंतराला पोच म्हणू. शर्यतीच्या प्रचलित कॅलिपरची पोच ३९ ते ४९ मिलिमीटर असते. या सायकलींच्या ६२२ मिलिमीटरच्या रिमवर, म्हणजे ज्याला ७००-सी म्हणतात त्यावर, रबर टेकते ती पट्टी आसापासून साधारण ३१० मिलिमीटरवर. म्हणजे बोल्ट फार तर ३५९ मिलिमीटरवर. टायर २८ मिलिमीटरचा असेल तर त्याचा माथा ३३९ वर येतो. उरले २० मिलिमीटर. त्यातले दहाएक ब्रेकच्या हातांनी खाल्ले. आणि बोल्टचे भोक बहुधा कमाल पोचीवर नसते, जरा अलीकडे असते. हाती राहिले चार-पाच मिलिमीटर. मडगार्डचा प्रश्नच मिटला.

कॅलिपरचे हात आठ मिलिमीटरने लांब केले असते, म्हणजे पोच ४७ ते ५७ ठेवली असती, तर याच चाकावर मडगार्डही बसला असता. असे कॅलिपर होते आणि आहेत. परंतु हात लांबले की ते किंचित लवतात, वजन काही ग्रॅमने वाढते, आणि शर्यतीत मडगार्ड कोणालाच नको असतो. शर्यतीपुरता हा निर्णय चूक नाही. तोच निर्णय दूध डेअरीत कामाला जाणाऱ्या, रविवारी शंभर किलोमीटर चालवणाऱ्या माणसाच्या सायकलीत न विचारता उतरला, याला हरकत आहे.

चेनस्टेची गोष्ट अधिक अवघड. एका बाजूला टायर, दुसऱ्या बाजूला दातांचे चाक आणि क्रँक. नळीने या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीतून जायचे. टायर रुंद करायचा तर नळी बाहेर सरकवावी लागते, बाहेर दाते आहेत. उपाय दोनच : चाक मागे न्यायचे, नाहीतर उजवी नळी दात्यांच्या खालून वाकवून न्यायची. शर्यतीच्या सायकलीत ही नळी ४०५ ते ४१५ मिलिमीटर ठेवतात, कारण आखूड सायकल चपळ वाटते. खडीच्या रस्त्यासाठी हल्ली ज्या ग्रॅव्हल सायकली निघाल्या, त्यांत ती ४२० ते ४३५ पर्यंत गेली. वीसेक मिलिमीटरचा हा फरक चालवणाऱ्याला क्वचित जाणवतो, टायरला मात्र तो जग मोकळे करून देतो.

छापलेला आकडा आणि खरा आकडा

‘कमाल टायर २८’ असे एखाद्या सायकलीच्या माहितीपत्रात लिहिलेले असले, तर त्याचा अर्थ लावताना सावध राहावे. टायरवरचा आकडा ही एक अपेक्षा असते. तोच टायर अरुंद रिमवर चढवला तर छापल्याइतका भरतो, रुंद रिमवर चढवला तर फुगतो. रिमची आतली रुंदी एका मिलिमीटरने वाढली की टायर साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास वाढतो. पूर्वी १५ मिलिमीटरच्या रिम सर्रास असत, आता १९ ते २१ च्या येतात. म्हणजे २५ छापलेला टायर आजच्या रिमवर २७-२८ भरू शकतो. चाके बदलली, टायर तोच ठेवला, आणि चिमटा घासू लागला, असे होते ते यामुळे.

शिवाय मोकळीक ही चाक हवेत फिरवून मोजायची गोष्ट नव्हे. जोर लावून चढताना चाक आणि सांगाडा थोडे थोडे लवतात. खड्ड्यात आदळून एखादी तार सैल झाली तर चाकाला दोन मिलिमीटरचा आउट सहज येतो. टायरला चिकटून बारीक खडा वर येतो. म्हणून जाणते उत्पादक कमाल आकडा सांगताना टायरच्या सर्व बाजूंनी चार ते सहा मिलिमीटर जागा राखून सांगतात. लोखंडी चिमट्याला खडा घासला तर रंग जातो, पुढे गंजतो. कार्बनच्या चिमट्यात मात्र ताकद धाग्यांत असते. अडकलेली खडी कानशीसारखी तेच धागे खाते, आणि ही झीज चिमट्याच्या आतल्या अंगाला, नजरेआड होते. ज्या अवयवावर समोरचे चाक आणि आपले दात अवलंबून आहेत, तिथे ही काटकसर महागात पडते.

रुंद टायर मंद असतो का?

या सगळ्याच्या मुळाशी एक समजूत होती : टायर जितका अरुंद आणि कडक, तितका वेगवान. गुळगुळीत लोखंडी रुळावर कडक चाक चांगलेच. रस्ता मात्र रूळ नसतो. कडक टायर प्रत्येक खडीवर सायकल आणि माणूस दोघांना उचलतो, आणि त्या हादऱ्यांत ताकद वाया जाते. मऊ, जास्त हवेचा टायर खडी पोटात घेतो आणि पुढे जातो. फ्रान्समध्ये सेंतएत्येनचा पॉल द विवी, ‘व्हेलोसिओ’ या नावाने लिहिणारा, शतकापूर्वी लांब पल्ल्याच्या स्वारांसाठी रुंद टायर आणि अनेक गिअर यांचा पुरस्कार करत होता. त्याच फ्रान्समधल्या ‘तूर द फ्रान्स’ने गिअर बदलणाऱ्या यंत्राला १९३७ पर्यंत वाट दिली नाही. शर्यत म्हणजे प्रगतीचे अग्रटोक असते असे मानणाऱ्यांनी हे साल लक्षात ठेवावे. आपल्या काळात ‘बायसिकल क्वार्टर्ली’ या नियतकालिकाचे संपादक यान हाइना यांनी प्रत्यक्ष रस्त्यावर चाचण्या घेऊन, उत्तम लवचिक कापडाचा रुंद टायर अरुंदापेक्षा मंद नसतो हे पुनःपुन्हा मांडले. आधी त्यांना फारसे कोणी मनावर घेतले नाही. मग व्यावसायिक शर्यतवाल्यांनी स्वतःच २३ वरून २५, २५ वरून २८ आणि त्याही पुढे मजल मारली.

या बदलाला वाट करून दिली डिस्क ब्रेकने. रस्त्यावरच्या शर्यतींत त्याला २०१८ साली रीतसर मान्यता मिळाली. ब्रेक टायरच्या माथ्यावरून उठून आसाजवळ गेला आणि चिमट्याचा माथा वर उचलायला मोकळा झाला. सळ्यांच्या ब्रेकबद्दल वर जे लिहिले, ते इथे आठवावे. टायरभोवती ऐसपैस जागा ठेवण्याची जी सोय काळ्या सायकलीत पहिल्यापासून होती, तीच नव्या, कितीतरी चांगल्या ब्रेकनिशी परत आली. मधली काही दशके कॅलिपरच्या हातांनी सांगाड्याची मापे ठरवली. आज सेकंडहँड बाजारात ज्या रोड बाइक आपल्या तरुणांच्या हाती पडतात, त्या बहुतेक या मधल्या काळातल्या आहेत.

खटावचा रस्ता

वडूज हे खटाव तालुक्याचे ठाणे, येरळेच्या काठी. पुसेगाव, दहिवडी, औंध, मायणी अशा चारी दिशांना डांबरी रस्ते आहेत आणि त्यांवर अरुंद टायरही चालतो. पण समोरून ट्रक आला की साईडपट्टीवर उतरावे लागते, तिथे मुरूम आणि सुटी खडी. गाव सोडून वस्तीकडे वळले की पाणंद लागते. परतीचा पाऊस झाला की रानातून निघालेला ट्रॅक्टर चाकांना लागलेली काळी माती डांबरावर टाकत जातो. आणि बारा महिने बाभळीचा काटा आणि सराटा.

इथे एक आक्षेप प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. काळी माती ओली झाली की पाच मिलिमीटर काय, पंधरा मिलिमीटरची मोकळीकही पुरत नाही. काळ्या सायकलीच्या मडगार्डमध्येही ती बसते, काडीने उकरावी लागते, शेवटी सायकल खांद्यावर घ्यावी लागते. काट्याचेही तसेच, सराटा टायरची रुंदी पाहून टोचत नाही. तेव्हा मोकळीक ठेवली की चिखल-काटा सुटला, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल.

मग तिचा उपयोग काय? मोकळीक निवड देते. मागच्या चाकावर पन्नास किलो भार आहे असे धरू. टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला सात किलो, म्हणजे शंभर पौंड, हवा असेल तर तो जमिनीला सुमारे सात चौरस सेंटिमीटर टेकतो. हवा पंचेचाळीस पौंडांवर आणली तर सोळा टेकतो; मुरमावर हाच पकडीचा आणि घसरण्याचा फरक. पण २५ मिलिमीटरच्या टायरमध्ये पंचेचाळीस पौंड ठेवले, तर पहिल्याच खड्ड्यात रिम आणि दगड यांच्यात ट्यूब चिमटून दोन भोके पडतात. कमी हवेसाठी जाडी लागते. ४० चा टायर २५ च्या टायरच्या अडीचपट हवा धरतो. सांगाड्यात जागा असेल तर उन्हाळ्यात २८, पावसाळ्यात मडगार्डसह ३५, पाणंदीला ४० असे बदलता येते. जागा नसेल तर बदलता येत नाही. टायर एक-दोन वर्षांत झिजतो, सांगाडा पंधरा-वीस वर्षे टिकतो. अरुंद चिमटा घेणारा माणूस पुढच्या पंधरा वर्षांचे टायर आजच ठरवून बसतो.

रस्ता सायकलीसाठी की सायकल रस्त्यासाठी

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय टप्प्यांची शर्यत झाली, सुमारे ४३७ किलोमीटरची. त्यासाठी ग्रामीण भागातले रस्ते नव्याने गुळगुळीत करण्यात आले. शर्यतीला तसा रस्ता लागतो आणि त्याचा लाभ गावांनाही होतो, त्यात वावगे काही नाही. तरी या घटनेत एक सूत्र स्पष्ट दिसते : शर्यतीच्या सायकलीला रस्ता तिच्या मापाचा करून द्यावा लागतो. जिथे तो करून देणारे कोणी नाही, तिथे सायकलच रस्त्याच्या मापाची हवी.

लांब पल्ल्याच्या हौशी स्वारांचा हिशेब तर अगदीच वेगळा आहे. ब्रेव्हे या उपक्रमात २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला वीस, ६०० ला चाळीस. म्हणजे थांबे धरून ताशी पंधरा किलोमीटरची सरासरी पुरते. या वेगात हवेला कापणारी नळी फार थोडे मिळवून देते. चौदाव्या तासाला बधिर झालेले हात, रात्री न दिसलेला खड्डा आणि पुढच्या चाकाने तोंडावर उडवलेले पाणी फार काही हिरावून घेतात. तरीही अशा स्वारीसाठी शर्यतीचाच सांगाडा घेतला जातो, कारण दुकानात ‘रोड बाइक’ या नावाखाली तोच उभा असतो. त्याच्या शेजारी रेंजर, जाड दातेरी टायरची, डांबरावर घरघरणारी. या दोन टोकांच्या मधली, हलकी, गिअरची, ३५-४० मिलिमीटरला आणि मडगार्डला जागा असलेली सायकल आपल्या बाजारात उशिरा आली आणि आजही कोपऱ्यात असते. काळ्या सायकलीचा वारसा खरे तर तिच्याकडे जायला हवा होता.

म्हणून दुकानात गेल्यावर तीन गोष्टी कराव्यात. चिमट्याच्या माथ्याखाली, मागच्या पुलाखाली आणि चेनस्टेच्या मध्ये, तिन्ही ठिकाणी सहा मिलिमीटरची षट्कोनी किल्ली उभी घालून पाहावी. ती प्रत्येक दुकानात असतेच. ती टायरला न लागता फिरली तर सध्याचा टायर सुखात आहे. तिच्यावर आणखी जागा उरली तर आपल्याला निवड आहे. मडगार्ड बसवायची भोके चिमट्याला आणि मागे आहेत का ते बघावे. आणि माहितीपत्रातला कमाल टायरचा आकडा कोणत्या रिमवर, किती जागा राखून दिला आहे, हे विचारावे. दुकानदाराला उत्तर माहीत नसेल तर त्याने कारखान्याला विचारावे. असे दहा जणांनी विचारले की अकराव्याला उत्तर छापील मिळेल.